सेव्हरी रेड वाईनची पहिली बाटली: निवडण्यापासून उरलेली ठेवण्यापर्यंत

आजवर फळांच्या वासाने भरलेल्या, किंचित गोडसर रेड वाईनच प्यायल्या असतील, तर सेव्हरी रेडचा, म्हणजे फळापेक्षा पाला, मसाला आणि माती पुढे असलेल्या रेड वाईनचा, पहिला घोट बहुतेकांना खटकतो. तोंड कोरडं पडतं, आंबटपणा ठळक जाणवतो आणि ज्या चेरीची वाट पाहावी ती मागेच कुठेतरी घुटमळत असते. पुढे असतात वाळलेला पाला, मिरी, ऑलिव्ह, तंबाखू, चामडं, ओली माती. अनेक जण इथेच ग्लास खाली ठेवतात आणि ‘ही आपली नव्हे’ म्हणून मोकळे होतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण या वाईनचा निकाल पहिल्या घोटावर लावायचाच नसतो. नीट थंड केलेली, थोडी हवा लागलेली, सोबत काही खायला असलेली आणि तासभर सवडीने घेतलेली, अशीच ती कळते. त्या एका तासाची तयारी कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

बाटली शक्यतो छोट्या, एकाच कुटुंबाच्या मळ्यातली घ्या. मोठा उत्पादक ठिकठिकाणची द्राक्षं एकत्र करून दरवर्षी जवळपास तीच चव राखू शकतो. चार-पाच हेक्टरांच्या घरच्या मळ्याला ती सोय नसते. गारा पडल्या तर त्या वर्षी बाटल्या कमी, उन्हाळा तापला तर वाईन जड, पाऊस लांबला तर हलकी. नवख्या माणसाला हे फार उपयोगी पडतं, कारण बाटलीत जे आहे त्याचं कारण शोधता येतं.

१. आपण काय शोधतोय ते आधी समजून घ्या

बॉडी म्हणजे वाईनचं तोंडातलं वजन. त्यात मद्यार्काचा वाटा मोठा, मग टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारा, तोंड कोरडं पाडणारा घटक) आणि वाईनमध्ये विरघळलेल्या बाकी घटकांचा. मध्यम बॉडीच्या रेडमध्ये मद्यार्क साधारण १२.५ ते १३.५ टक्के असतो. लेबलवर १४.५ दिसलं तर ती वाईन वाईट असेल असं नाही, पण आज आपल्याला हवी ती नव्हे.

सेव्हरी म्हणजे खारट नव्हे, आणि मिरीचा वास आला म्हणून कोणी मिरी घातलेली नसते. हे वास द्राक्षातून, आंबवण्यातून आणि मुरण्यातून येतात. सिराह जातीच्या वाईनला मिरीचा वास देणारं रोटंडोन हे संयुग ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. काळ्या मिरीच्या वासामागेही तेच आहे. रेड वाईनमध्ये लिटरमागे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी बहुतेकांना ते जाणवतं, आणि साधारण पाचातल्या एकाला मात्र कितीही असलं तरी जाणवत नाही. म्हणून शेजारच्याला मिरी सापडली आणि तुम्हाला नाही, तर तुमचं काही चुकत नाहीये. कॅबर्ने फ्राँ जातीतला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या संयुगांचा असतो. द्राक्ष जसजसं पिकतं तसतसा तो कमी होतो. काही वाईनकर घड देठासकट आंबवतात, त्यातून पाल्याचा आणि लाकडाचा गंध येतो. चामडं, तंबाखू, अळंबी हे बरेचदा वयाचे वास.

२. जात आणि प्रदेश निवडा

दुकानातल्या शंभर बाटल्यांसमोर उभं राहण्याआधी चार नावं डोक्यात असली तर काम सोपं होतं.

फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली शिनों आणि बुर्गेय ही गावं कॅबर्ने फ्राँसाठी ओळखली जातात: रास्पबेरी, पेन्सिलीचा भुसा, तमालपत्र, हलकं टॅनिन. फ्रान्सच्याच उत्तर ऱ्होन खोऱ्यातल्या सँ-जोसेफ आणि क्रोझ-हर्मिताजच्या सिराहमध्ये मिरी, काळं ऑलिव्ह आणि धुरकटपणा मिळतो. स्पेनच्या वायव्येला बिएर्झोमध्ये मेन्सिया, सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उतारांवर नेरेल्लो मास्कालेझे, ग्रीसच्या नाउसामध्ये झिनोमावरो. यातली शेवटची टॅनिन आणि आंबटपणा दोन्हींत कडक आहे. टोमॅटो आणि ऑलिव्हचे तिचे वास मला अतिशय आवडतात, पण पहिल्या बाटलीसाठी मी ती सुचवणार नाही.

पहिल्या बाटलीसाठी माझी निवड कियान्ती क्लासिको. हा इटलीतल्या फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधला डोंगराळ पट्टा. या भागाचा, म्हणजे तोस्कानाचा, राज्यकर्ता ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने १७१६ मध्येच या वाईन-प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या होत्या, आणि १९२४ पासून इथल्या उत्पादकांचा संघ काळा कोंबडा ही खूण वापरतो. बाटलीच्या मानेवर किंवा मागच्या लेबलवर तो कोंबडा शोधा. नुसतं ‘कियान्ती’ लिहिलेली वाईन त्याच्या आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या प्रदेशातली असते, ती वेगळी. क्लासिकोमध्ये सांजोव्हेझे जातीचं द्राक्ष कमीत कमी ८० टक्के असावं लागतं. आंबट चेरी, सुकलेला ओरेगानो, टोमॅटोच्या पानांचा हिरवट वास, थोडी माती. मध्यम बॉडी, खणखणीत आंबटपणा.

इथे तीन पायऱ्या आहेत: साधी अन्नाता, किमान २४ महिने मुरवलेली रिझेर्वा आणि किमान ३० महिने मुरवलेली ग्रान सेलेझिओने. नवख्यांनी साधीच घ्यावी. वरच्या दोन्हींत पिंपाच्या ओक लाकडाचा वास अनेकदा जास्त असतो आणि त्यात द्राक्षाचा आवाज ओळखायला सराव लागतो. साधी स्वस्तही पडते.

३. लेबलवरून मळा ओळखा

‘आमच्या कुटुंबाची परंपरा’ असं कोणीही छापू शकतं. त्यापेक्षा वाईन कोणी बाटलीत भरली ते वाचा. फ्रेंच लेबलवर ‘मिज आं बुतेय ओ दोमेन’, इटालियन लेबलवर ‘इंबोत्तिल्यातो आल्लोरिजिने’, जर्मनवर ‘गुट्सआबफ्युलुंग’, स्पॅनिशवर ‘एम्बोतेयादो एन ला प्रोपिएदाद’ असे, म्हणजे ‘मळ्यावरच बाटलीत भरलेली’ अशा अर्थाचे शब्द असतील तर द्राक्षं पिकवणं आणि बाटली भरणं बहुधा एकाच घरात झालंय. एक बारकावा लक्षात ठेवा: फ्रान्समध्ये सहकारी संस्थेच्या बाटलीवरही ‘आ ला प्रोप्रियेते’ (मळ्यावर भरलेली) असू शकतं, कारण संस्था ही सभासदांच्याच मळ्याचा भाग धरली जाते. फ्रान्समधल्या स्वतंत्र द्राक्षउत्पादकांच्या संघटनेची खूण जास्त भरवशाची आहे. खांद्यावर पिंप घेतलेला माणूस असं ते चित्र, बहुतेकदा बुचावरच्या टोपणावर छापलेलं.

आकाराचा अंदाज घ्यायचा तर हा हिशोब बघा. कियान्ती क्लासिकोच्या नियमाप्रमाणे हेक्टरी जास्तीत जास्त साडेसात टन द्राक्षं आणि त्यातून ५,२५० लिटर वाईन. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ७,००० बाटल्या. पाच हेक्टरांचं घर वर्षाला फार तर ३५,००० बाटल्या भरेल. उत्पादकाच्या माहितीत लाखांचे आकडे असतील तर ते घर आता छोटं राहिलेलं नाही.

मागच्या लेबलवर आणखी दोन गोष्टी पाहा. ‘सल्फाइट आहेत’ ही सूचना लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर प्रमाण गेलं की युरोपात बंधनकारक आहे. जवळजवळ प्रत्येक बाटलीवर ती असते, तिला घाबरण्याचं कारण नाही. दम्याचा किंवा सल्फाइटचा त्रास असणाऱ्यांनी मात्र गांभीर्याने घ्यावी. दुसरी म्हणजे क्यूआर कोड: ८ डिसेंबर २०२३ पासून युरोपीय संघात नव्या वाईनसाठी घटक आणि पोषणमूल्यं सांगणं सक्तीचं झालं, आणि बरेच उत्पादक ती कोडमागे देतात. तिथे घटकांची यादी जितकी आखूड, तितका मला तो मळा जवळचा वाटतो.

४. विक्रेत्याला नेमकं विचारा

‘चांगली रेड दाखवा’ म्हटलं की जड, ओकदार आणि महाग बाटली पुढे येते. त्याऐवजी असं सांगा: मध्यम बॉडी, ओक कमी, फळापेक्षा मसाला आणि पाला जास्त, पिकवणारा आणि बनवणारा एकच. वाईन सिमेंटच्या टाकीत मुरली की पिंपात, आणि पिंप नवं की जुनं, हेही विचारा. जुनं किंवा मोठं पिंप वाईनला हवा देतं पण लाकडाचा वास फारसा लावत नाही. कपाटात उन्हात किंवा दिव्याखाली महिनोन् महिने उभी राहिलेली बाटली घेऊ नका, कितीही नामवंत असली तरी.

५. थंड करा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि तिनेच सगळ्यात जास्त फरक पडतो. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड दगडी घरांतला आहे. मध्यम बॉडीच्या सेव्हरी रेडला १४ ते १६ अंश सेल्सिअस हवेत. २६-२८ अंशांवर ती पिऊन बघा: मद्यार्काचा भपका नाकात जातो, पाला-मसाला हरवतो, सगळं सैल आणि पसरट लागतं. उलट थेट फ्रिजमधून काढून चार-पाच अंशांवर ओतली तर वास मुके होतात आणि टॅनिन टोचतं.

खोली उबदार असेल तर बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर अर्धं पाणी अर्धा बर्फ असलेल्या बादलीत दहा-बारा मिनिटं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं कारण ते काचेला सगळीकडून भिडतं. थोडी जास्त थंड झाली तरी चालेल. ग्लासात ती आपोआप चढते, आणि ते चढत जाणं पाहण्यासारखं असतं.

छोटे मळे बरेचदा वाईन गाळत नाहीत, म्हणून तळाशी गाळ असू शकतो. तसं दिसलं तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा. बुचाला चिकटलेले चमकदार खडे हे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक, निरुपद्रवी.

६. उघडा

वेटरच्या खिशात असतो तसा घडीचा कॉर्कस्क्रू घ्या, ज्याला छोटं पातं, मळसूत्र आणि दोन टप्प्यांची तरफ असते. मानेवरच्या कडेच्या खालून पातं फिरवून वरचं आवरण काढा, तोंड फडक्याने पुसा. मळसूत्राचं टोक बुचाच्या मधोमध जरा तिरकं टेकवा, पहिल्या वेढ्यात सरळ करा आणि एक वेढा बाहेर राहील इतकं आत घाला. मग तरफेचा पहिला टप्पा कडेवर टेकवून बूच अर्धं वर आणा, दुसऱ्याने पुढचं, आणि शेवटचा भाग हाताने हलकेच हलवत काढा. बूच मुळात सुमारे २४ मिलिमीटर जाड असतं आणि साडेअठरा मिलिमीटरच्या मानेत दाबून बसवलेलं असतं. म्हणून ओढाओढी करण्यापेक्षा तरफेवर सोपवलेलं बरं. स्क्रू टोपण असेल तर तुमचे हे सगळे कष्ट वाचले, आणि त्याचा दर्जाशी काही संबंध नाही.

७. वास घ्या, आधी दोष ओळखा

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता हवा. आधी दोन बोटं वाईन ओता, ग्लास न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा घ्या.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि फळ गायब असेल, तर बूच बिघडलंय. कारण ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं संयुग, लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात. हवा लागून तो वास जात नाही, उलट वाढतो. बाटली परत करा, संकोच करू नका. जळलेल्या काडेपेटीचा किंवा अंड्याचा वास मात्र बहुधा हवेअभावी आलेला असतो आणि ग्लास जोरात फिरवला की पाच-दहा मिनिटांत उडतो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर तीव्र असेल तर वाईन बिघडण्याच्या वाटेवर आहे.

तबेल्याचा, ओल्या चामड्याचा वास हा वादाचा विषय. तो ब्रेटॅनोमायसीस या यीस्टमुळे येतो आणि छोट्या, जुन्या पिंपांच्या तळघरांत ते सहज घर करतं. काही लोक तोच सेव्हरीपणा समजतात. माझी कसोटी सोपी आहे: चामड्याच्या मागे चेरी आणि पाला ऐकू येत असतील तर ठीक, चामडंच चामडं असेल आणि वाईन कुठल्या द्राक्षाची ते कळेनासं झालं असेल, तर तो दोष. मळा कितीही आवडता असला तरी.

ग्लासच्या काचेवरून ओघळणारे थेंब पाहून दर्जा ठरवणारे भेटतील. मद्यार्क पाण्याआधी उडतो आणि पृष्ठताण बदलतो, त्यातून ते थेंब होतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे मांडलं. दर्जाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

८. एक तास

ग्लास एक तृतीयांशच भरा, १२० ते १५० मिलिलिटर. घोट घेतला की लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल कोरडे पडले, दुधाविना कडक चहा प्यायल्यासारखे, तर ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते चिकटतं आणि लाळेचा निसरडेपणा घालवतं. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

आता तरुण कियान्ती क्लासिकोच्या एका ग्लासात काय होतं ते पाहा. ओतल्याबरोबर, १४ अंशांच्या आसपास, वास बंदिस्त असतो: थोडी माती, थोडं लोखंड, आणि आंबट. इथेच लोक हार मानतात. पंधरा-वीस मिनिटांनी चेरी येते, पण पिकली गोड नव्हे, बियांजवळच्या गरासारखी आंबट-कडवट. मग टोमॅटोची पानं बोटांत चुरगाळल्यावर येतो तसा हिरवट वास, त्यामागे सुकलेला ओरेगानो. पाऊण तासाने ग्लास १८ अंशांकडे सरकतो, कडा बोथट होतात, चामडं आणि तंबाखू डोकावतात, आणि घोट गिळल्यावर मागे राहणारी चव लांबते. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ लिहून ठेवा. ‘छान’, ‘भारी’ असले शब्द नकोत. वस्तूंची नावं लिहा, स्वयंपाकघरातली, बागेतली, कपाटातली, जी सुचतील ती. पुढच्या बाटलीला याच ओळी उपयोगी पडतात.

डिकँटरची, म्हणजे वाईन ओतून तिला हवा लागू देणाऱ्या रुंद भांड्याची, गरज आहे का? एवढ्या तरुण, मध्यम वाईनला मी सहसा वापरत नाही. डिकँटरमध्ये ओतल्यावर हे टप्पे झपाट्याने उरकतात आणि शिकणाऱ्याला तेच तर पाहायचे असतात.

प्रमाणाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये नमूद केलं आहे. एक बाटली म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच ग्लास. चार-पाच जणांत वाटून घ्या. गरोदरपणी, औषधं चालू असताना, गाडी चालवायची असेल तेव्हा किंवा कायद्याने ठरलेलं वय होण्याआधी नको.

९. सोबत खा

सेव्हरी वाईन एकटी अर्धीच असते, असं मी मानतो. पहिला घोट खाण्याआधी, दुसरा खाताना, एवढा प्रयोग तरी कराच. प्रथिनं आणि स्निग्धता असलेला घास, म्हणजे मुरलेलं कडक चीज किंवा भाजलेलं मांस, तोंडात असताना टॅनिन लाळेऐवजी त्या प्रथिनांना धरतं आणि वाईन अचानक मऊ लागते. मिठाने कडवटपणा दबतो, फळ वर येतं. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाईन बेचव होते; सांजोव्हेझे मात्र तिथे टिकून राहते. भाजलेली अळंबी, ऑलिव्ह, शिजवलेल्या डाळी, वाळलेल्या पाल्याची फोडणी हे सगळं वाईनमधल्या त्याच वासांना बळ देतं. तिखटजाळ पदार्थ टाळा, मद्यार्क आणि टॅनिनने आग वाढते. गोडही नको, त्यापुढे वाईन आंबटढाण लागते.

१०. उरलेली ठेवा

उरली तर बूच लावून उभी फ्रिजमध्ये ठेवा. रेड असली तरी फ्रिजमध्येच, कारण थंडीत हवेचा परिणाम मंदावतो. अर्ध्याहून कमी उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवणं उत्तम. दोन-तीन दिवस ती चांगली राहते, आणि दुसऱ्या दिवशी प्यायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. छोट्या मळ्याची, आंबटपणा चांगला असलेली वाईन दुसऱ्या दिवशी अनेकदा जास्त मोकळी लागते. तसं झालं तर त्याच मळ्याची, त्याच वर्षाची आणखी एक बाटली घ्या आणि अंधाऱ्या, १२ ते १४ अंशांच्या जागी आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. तीन वर्षांनी उघडताना आजच्या ओळी शेजारी ठेवा.